मार खाल्लेल्या पंचाची शाल

आमच्याकडे पंचाला मारलं की त्याचा सत्कार करतात. वाचणाऱ्याला ही थट्टा वाटेल म्हणून आधीच सांगतो, थट्टा नाही. शालेय सामन्यात निर्णयावरून भांडण पेटतं, कुणीतरी पंचाची कॉलर धरतो, एखादी थप्पड बसते. मग चार शहाणी माणसं मध्ये पडतात, सगळे मुख्याध्यापकांच्या खोलीत बसतात, चहा येतो आणि ज्यानं मारलं त्याच्याच हातून पंचाला शाल-श्रीफळ दिलं जातं. फोटो निघतो. झालं गेलं गंगेला मिळालं असं सगळे म्हणतात आणि आपापल्या गाडीला किक मारतात.

अकोला जिल्ह्यात मी तीस-बत्तीस वर्षं क्रीडाशिक्षक होतो आणि जवळजवळ तितकीच वर्षं खो-खोचा पंच. अशा दोन शाली मलाही मिळाल्या आहेत. एक नडगीवर बसलेल्या ढेकळाबद्दल आणि एक फाटलेल्या शर्टाबद्दल. दुसरी शाल माझी बायको अजून इस्त्री करताना टेबलावर अंथरते. मी तेव्हा त्यात काही वावगं मानलं नाही. उलट पोरांना रंगवून सांगायचो. मार खाऊन हसणारा पंच म्हणजे मोठा पंच, अशी माझी समजूत होती, आणि ही समजूत मी दुसऱ्यांच्या गळ्यातही मारत आलो.

ज्या शालीबद्दल लिहायला बसलो आहे ती माझी नाही. ती माझ्या एका विद्यार्थिनीची आहे. आठवीत असताना ती माझ्या हाताखाली खो-खो खेळायला लागली. सुटली की सापडायची नाही. पुढं तिनं शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली आणि बार्शीटाकळीच्या एका शाळेत लागली. तिनं पंच व्हावं हे माझ्याच डोक्यातलं खूळ. मुलींच्या सामन्यांना बाई पंच मिळत नव्हत्या आणि हिची नजर घारीची होती. पंच परीक्षेला मीच तिला अमरावतीला घेऊन गेलो. एसटीत मूर्तिजापूर जाईपर्यंत तिनं नियमांचं अर्धं पुस्तक मला म्हणून दाखवलं आणि बडनेऱ्यापर्यंत उरलेलं.

तोंडी परीक्षेत तिला विचारलं होतं, सगळं मैदान गडी बाद म्हणून ओरडत आहे आणि तुम्हाला फाऊल दिसला आहे, तर काय कराल? ती म्हणाली, जे दिसलं तेच सांगीन, कारण गर्दीपेक्षा मी जवळ उभी आहे. परीक्षक माझ्या ओळखीचे होते. बाहेर आल्यावर त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. परतीच्या गाडीत मी दोन माणसांची जागा व्यापून बसलो होतो.

आता आमची काम करायची रीत सांगितली पाहिजे, कारण सगळं पाणी तिथंच मुरलं. पंचांना नेमणुकीचा लेखी आदेश मिळायला हवा. तसा तो मिळायचाही, पण सामने संपल्यावर, सगळ्यांचे एकदम, मागची तारीख टाकून. प्रत्यक्षात मी फोन करायचो. उद्या अमुक गावी ये, पांढरा शर्ट घालून ये, एवढाच आमचा आदेश. दुसरी गोष्ट, ज्या शाळेचा संघ खेळतो आहे त्या शाळेचा शिक्षक त्या सामन्याला पंच नको, हे मी पंचांच्या वर्गात घसा फोडून शिकवायचो. पण ऐनवेळी एखादा पंच आला नाही की तिथल्याच शिक्षकाला उभा करायचो. चालतं, म्हणायचो. या एका शब्दावर आमची सगळी क्रीडासंस्कृती उभी होती.

त्या वर्षी मुलींचे तालुक्याचे सामने हिवरखेडच्या पुढच्या एका गावात होते. गावाचं नाव सांगत नाही, तिथली माणसं काही वाईट नव्हती. थंडीचे दिवस होते. मैदानाच्या एका अंगाला तूर उभी होती आणि तिच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, माणसं दाटीवाटीनं बसली होती. अंतिम सामन्यात यजमान शाळेच्या मुली होत्या, त्यामुळे अख्खं गाव लोटलं होतं. मी सरपंच होतो. खो-खोत मुख्य पंचाला सरपंच म्हणतात, गावच्या राजकारणाशी त्याचा संबंध नाही. मैदानाच्या एका बाजूला ती पंच होती. दुसऱ्या बाजूचा पंच आलाच नव्हता, म्हणून तिथं मी यजमान शाळेचा शिक्षक उभा केला. चालतं.

शेवटचं अर्धं मिनिट उरलं होतं. यजमान मुली पाठलाग करत होत्या आणि बरोबरीसाठी त्यांना एक गडी हवा होता. खो-खोत पाठलाग करणारीनं एकदा दिशा धरली की खांब गाठेपर्यंत मागं फिरायचं नसतं. त्यांची कप्तान पळता पळता अर्धी मागं वळली आणि तिनं समोरच्या मुलीच्या पाठीला हात लावला. पलीकडचा शिक्षक बाद म्हणून ओरडला, गाव नाचायला लागलं. पण त्याआधीच माझ्या विद्यार्थिनीची शिट्टी वाजली होती आणि तिचा हात वर होता.

मी दोघांना मध्ये बोलावलं. ती म्हणाली, दिशा मोडली. तो शिक्षक बुटांकडे पाहत म्हणाला की मला नीट दिसलं नाही. मी तिचा निर्णय उचलून धरला, उरलेले सेकंद खेळवले आणि वेळ संपल्याची शिट्टी दिली. त्या दिवसातलं तेवढं एक काम मी नियमानं केलं.

कप्तान मुलीचा काका शाळेच्या व्यवस्थापन समितीवर होता. तो दोरी ओलांडून सरळ आत आला. मला वाटलं, माझ्याकडे येतो आहे. सरपंच मी होतो, निकाल मी दिला होता. पण तो तिच्यासमोर उभा राहिला आणि त्यानं तिला मारलं. मी तीन पावलांवर होतो. तिच्या तोंडातली शिट्टी उडाली आणि गळ्यातल्या दोरीला लोंबकळली. ती पडली नाही. तिनं गालावर हात ठेवला आणि पाहिलं ते त्याच्याकडे नाही, माझ्याकडे. ते पाहणं मला आजही चुकवता येत नाही.

त्यानंतर गर्दी, आरडाओरडा, मुलींची रडारड. मुख्याध्यापकांनी आम्हाला खोलीत नेलं आणि दार लावलं. बाहेर त्यांचे दोन शिक्षक मोबाईलवाल्यांना चित्रीकरण पुसायला लावत फिरत होते, हे मला नंतर कळलं. आत मुख्याध्यापक माझ्याशीच बोलत होते, तिच्याशी नाही. बाईमाणसाचं नाव पोलिसांत कशाला, तिचीच बदनामी होईल, असं त्यांचं म्हणणं. तालुक्यात धड मैदान आमचंच आहे, पुढच्या वर्षी सामने कुठं भरवसान, असंही त्यांनी विचारलं. मी मान हलवत होतो. हलवता हलवता माझ्याच तोंडून निघालं, "एखादी शाल आहे काय?"

शाली होत्या. बक्षीस समारंभाच्या पाहुण्यांसाठी आणलेल्या. नारळही होते. पुरुषानं बाईला शाल कशी घालायची, म्हणून शाळेतल्या एका मॅडमना बोलावलं. त्यांनी शाल घातली आणि काकानं नारळ दिला. रागाच्या भरात हात उठला, तुमी मले बहिणीसारख्या, असं काहीतरी तो म्हणाला. फोटो काढणाऱ्या शिक्षकानं तिला जरा हसायला सांगितलं. ती हसली नाही. तिनं पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मी मानेनं खूण केली, हस. मग ती हसली.

परतताना जीपमध्ये ती कानावर रुमाल दाबून बसली होती. अकोट मागं पडल्यावर म्हणाली, "सर, अहवालात लिहासान न?"

"लिहितो की," मी म्हणालो.

सरपंचाला प्रत्येक सामन्याचा अहवाल लिहून द्यावा लागतो. मी घरी जाऊन, हातपाय धुऊन, चहा घेऊन तो लिहिला. माझं अक्षर चांगलं आहे. लिहिलं ते असं: सामना शांततेत पार पडला, शेवटच्या निर्णयावरून किरकोळ बाचाबाची झाली, ती आपसात मिटवण्यात आली.

असं का लिहिलं, याची उत्तरं मी स्वतःला वेगवेगळी दिली. मैदान जाईल, पोरींचे सामने बंद पडतील, हे एक. ते खोटं नव्हतं. पण त्याच्या खाली दुसरं होतं आणि ते जास्त खरं होतं. थप्पड लिहिली असती तर चौकशी आली असती. चौकशीत पहिला प्रश्न असता की हिचा लेखी आदेश कुठं आहे. दुसरा असता की यजमान शाळेचा माणूस पंच म्हणून कुणी उभा केला. दोन्हींचं उत्तर मी होतो. दुसऱ्याच्या गालाच्या आड मी माझी कातडी वाचवली, इतकी साधी गोष्ट आहे.

आठ-दहा दिवसांनी तिचा फोन आला. कानातून पाणी येत होतं म्हणून ती अकोल्याच्या डॉक्टरकडे गेली होती. पडदा फाटला होता. घरच्यांचा विरोध असूनही तिनं पोलिसांत तक्रार दिली होती. तिथं तिला विचारलं की तुम्ही सरकारी कामावर होता असं म्हणता, तर आदेश दाखवा. तिच्याकडे माझा फोन आल्याची नोंद होती, बाकी काही नाही. मग म्हणाले, सरपंचाचा अहवाल आणा.

"सर, मी तो अहवाल वाचला," ती म्हणाली. "बाचाबाची कावून लिहिलं? मी त एक शब्दही बोलली नव्हती."

मी म्हणालो, बघतो. दुरुस्तीचं काही करता येतं का ते बघतो. तिनं त्यानंतर चार वेळा फोन केला आणि मी चारही वेळा बघतोच म्हणालो. पाचव्यांदा तिनं केला नाही आणि मला बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं ते बरंच वाटलं.

पुढं तिच्या तक्रारीवरून आमच्याच क्षेत्रातल्या तिघांची समिती बसली. अकोल्याला एका शाळेच्या ग्रंथालयात मला बोलावलं. टेबलावर माझा अहवाल होता आणि शेजारी तो फोटो. थपडीचं चित्रीकरण कुणाकडेच निघालं नाही, शालीचा फोटो मात्र सगळ्यांकडे होता. काका नारळ देतो आहे, ती हसते आहे, बाजूला मी हात बांधून उभा आहे. समितीतले एक जण म्हणाले की मॅडम तर खुशीत दिसतात. मग मला विचारलं, तुम्ही मारताना पाहिलं का?

मी म्हणालो, त्या क्षणी मी गुणलेखकाच्या टेबलाकडे पाहत होतो.

ती तिथंच, खिडकीजवळच्या खुर्चीवर बसली होती. तिनं मला खोटं पाडलं नाही. पंच निर्णय देतो तेव्हा त्याच्याशी वाद घालायचा नसतो, हे तिला मीच शिकवलं होतं. तक्रार पुढं पोलिसांतही विरून गेली. तिनं एका ओळीचं पत्र दिलं, यापुढे पंच म्हणून काम करणार नाही. ते पत्र माझ्याच फाईलला लागलं.

त्यानंतर मी तीन-चार वर्षं नोकरी केली आणि निवृत्त झालो. सामने त्या गावात पुन्हा भरलेच नाहीत. मैदानावर शाळेनं नवी इमारत बांधली. म्हणजे ज्या मैदानासाठी मी मूग गिळले ते मैदानही राहिलं नाही. माझ्या निरोप समारंभात मला शाल-श्रीफळ मिळालं. शाल खांद्यावर पडली तेव्हा अंगावर काटा आला. लोकांना वाटलं सर भावुक झाले.

निवृत्त माणसाला उपदेशाची कामं भरपूर मिळतात. आता नव्या पंचांच्या उजळणी वर्गात मला बोलावतात आणि मी ताठ मानेनं सांगतो. लेखी आदेश हातात पडल्याशिवाय रेषेच्या आत पाऊल टाकू नका. खेळणाऱ्या शाळेचा शिक्षक पंच म्हणून उभा असेल तर सामना सुरू करू नका. अंगावर हात पडला तर अहवाल मैदान सोडायच्या आत लिहा, घरी जाऊन नाही, आणि जे झालं ते त्याच शब्दात लिहा. पोरं वहीत उतरवून घेतात. सर किती अनुभवी आहेत, असं म्हणत असतील.

मागच्या हिवाळ्यात अशाच एका वर्गात मी या यादीला एक वाक्य जोडलं. ते आधी ठरवलेलं नव्हतं, तोंडातून गेलं. म्हणालो, मार खाल्ल्यावर शाल घेऊ नका. वर्ग हसला. पहिल्या बाकावरच्या एका तरुण बाईनं, तीही नवी पंचच, हसू आवरत विचारलं, "शाल कावून घ्याची नाही, सर?"

प्यायला पाणी मागितलं आणि वर्ग लवकर सोडला. घरी येऊन कागद काढला आणि जो अहवाल त्या दिवशी लिहायला हवा होता तो लिहिला. कुणी मारलं, कुठं उभं राहून, मी किती पावलांवर होतो, शाल कुणी मागितली. समितीपुढं खोटं बोललो तेही. खाली सही केली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं बार्शीटाकळीला गेलो.

तिच्या शाळेत मधली सुट्टी चालू होती. ती व्हरांड्यात वह्या तपासत बसली होती. केसांत थोडी चांदी आली होती. मला पाहून उठली, वाकून नमस्कार केला, चहा सांगितला. मी तिच्या शेजारची खुर्ची ओढून बसलो. माझी शुगर, तिच्या मुलाची दहावी असं थोडं बोलून झालं, ती पूर्ण माझ्याकडे वळून ऐकत होती. गळ्यात शिट्टी नव्हती, ते माझ्या लक्षात आलं. विचारलं तर म्हणाली, शिट्टी वाजवली की कानात घुमत राहते, म्हणून टाळ्यांवरच तास घेते.

मी खिशातून कागद काढून दिला. तिनं तो सावकाश वाचला, पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत. मग घडीवर घडी घालून माझ्या हातात परत ठेवला.

"आता हे कोणाले देऊ, सर?"

आवाजात राग नव्हता. खरोखरच विचारत होती. पोलिसांत काही उरलं नव्हतं, समितीतले दोघं निवृत्त झाले होते आणि एक वारले होते. तिनं पुन्हा वह्या ओढल्या. समोर मैदानात मुली लंगडी खेळत होत्या आणि आम्ही दोघं तिकडे पाहत होतो. ज्या वाक्यासाठी आलो होतो ते मी तेव्हा बोललो. हळूच बोललो. माझं चुकलं, मी पाहिलं होतं, मला माफ कर.

ती वहीवर लाल रेघ मारत राहिली. पान उलटलं, दुसरी रेघ मारली. मला वाटलं, माफ करायचं नसेल, तो तिचा हक्क आहे. इतक्यात माझे ओठ हललेले तिला कडेनं दिसले असावेत. तिनं सगळं तोंड माझ्याकडे वळवलं.

"काई म्हणाले काय, सर? इकडून बसा. त्या कानानं मले काईच आयकू येत नाही."

मी तिच्या डाव्या हाताला बसलो होतो. माणूस समोर उभा राहून उजव्या हातानं मारतो तेव्हा ते डाव्या कानावर बसतं. मी तीन पावलांवरून पाहिलं होतं. आत्ताच दिलेल्या कागदावर मीच तसं लिहिलंही होतं, डावा कान. तरी येऊन नेमका त्याच बाजूला बसलो होतो.

मी उठलो. खुर्ची उचलून दुसऱ्या बाजूला नेली आणि तेच वाक्य पुन्हा बोललो, या वेळी मोठ्यानं. लंगडी खेळणाऱ्या दोन-तीन मुली थांबून पाहायला लागल्या. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग घंटा झाली. तिनं वह्या आवरल्या, मला चहा थंड करू नका म्हणाली आणि मैदानात जाऊन टाळ्या वाजवून मुली गोळा करू लागली.